'आफ्टर'च्या पुढे

राजनंदिनीनं फळ्यावर 'आफ्टर' लिहिलं आणि खडू तसाच टेकवून ती थांबली.

"पुढं?" झुबेदा मॅडमनी विचारलं.

तिनं पुढं 'माय हजबंड्स डेथ' लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि उरलेलं वाक्य भराभर उतरवलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मुलीची आणि सासू-सासऱ्यांची जबाबदारी मी घेतली, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. खडू ठेवून तिनं बोटं ओढणीला पुसली.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण काल हेच होतं. त्याच्या आधीही हेच. आज 'आफ्टर'च्या पुढं नाम नको. सबंध वाक्य हवं. त्यात कर्ता हवा, क्रियापद हवं."

राजनंदिनीनं डस्टर उचलून 'डेथ'वर ठेवलं, पण फिरवलं नाही.

"मॅडम, नामानं भागत नाही का?"

"व्याकरणात भागतं. मुलाखत घेणारे मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत."

कराडच्या मंगळवार पेठेत महंमदभाईंचं गाद्या-उशांचं दुकान होतं. वरच्या मजल्यावर त्यांच्या पत्नी झुबेदा मॅडम इंग्रजीची शिकवणी घेत. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठे वर्ग घेतले नाहीत. जर्मनीला निघालेल्या नर्सेस, बँकेच्या परीक्षा देणारी मुलं, असे एकेकटे विद्यार्थी त्यांच्याकडं येत. राजनंदिनी मात्र वेगळ्या कामासाठी आली होती. सैन्यात असताना नवरा वारलेल्या बायकांना अधिकारी होण्यासाठी मुलाखतीला बसता येतं, हे तिला जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात कळलं होतं. ती बी.एस्सी. झालेली, धावायला लागली की गावातल्या पोरांना मागं टाकणारी. अडचण होती ती बोलण्याची. मुलाखत इंग्रजीतच द्यायची तिची जिद्द होती.

पलूसच्या अलीकडच्या गावातून तिचे सासरे जोतिबा तिला मोटरसायकलवर घेऊन येत. ते स्वतः फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कारखान्यांची धुराडी पेटली होती, रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असे आणि दोघं धुळीनं माखूनच पोचत. ती वर जाई, ते खाली महंमदभाईंपाशी बसत. दोघं फार बोलत नसत. महंमदभाई गादीला टाके घालत आणि जोतिबा ते पाहत.

मॅडमना पहिल्याच आठवड्यात तिची अडचण कळली होती. ती शब्दांना घाबरत नव्हती, शब्दांच्या जोडणीला घाबरत होती. म्हणून त्यांनी छोट्या शब्दांपासून सुरुवात केली. 'विथ', 'विदाउट', 'ड्युरिंग', 'बिफोर', 'आफ्टर'.

"हे शब्द दिसायला लहान आहेत," त्यांनी सांगितलं होतं. "पण प्रत्येकाचं पुढच्याशी जमणं वेगळं. 'ड्युरिंग'ला पुढं फक्त नाम चालतं. 'विदाउट'ला नाम चालतं, 'इंग' लावलेलं क्रियापद चालतं, वाक्य चालत नाही. 'आफ्टर'ला तिन्ही चालतात. आपल्याकडं 'नंतर' शेवटी येतं. जे घडलं ते आधी बोलून झालेलं असतं. इंग्रजीत 'आफ्टर' आधी म्हणून टाकायचं आणि मग पुढचं सांगावंच लागतं."

राजनंदिनी भरभर शिकत गेली. 'विदाउट'वर मात्र ती एकदा अडखळली. प्रांजल, तिची चार वर्षांची मुलगी, आपण शेजारी बसल्याशिवाय झोपत नाही, असं तिला सांगायचं होतं. तिनं 'विदाउट'पुढं सबंध वाक्य लावलं.

"तेवढं लांब नको," मॅडम म्हणाल्या. "'विदाउट मी.' झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं ते लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिली. निवड झाली तर जवळपास वर्षभर चेन्नईला प्रशिक्षण होतं. मुलीला तिकडं नेता येणार नव्हतं.

"घरी कोण बघणार तिला?" मॅडमनी विचारलं.

"सासूबाई. त्यांनीच तर मला धाडलं, मॅडम. माझ्या माहेरचे नको म्हणत होते. पण सासूबाई म्हणाल्या, माझा ल्योक देशापायी गेला, सून बी जाऊ दे. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल." ती जरा हसली. "चौकात त्यांचा फलक आहे, वर्दीतल्या फोटोचा. सासूबाई रोज जाऊन तो पुसतात. कुणी त्याच्यावर दुसरी जाहिरात चिकटवली की भांडतात."

शिवतेजबद्दल, म्हणजे तिच्या नवऱ्याबद्दल, याहून जास्त ती कधी बोलली नव्हती. मॅडमनी विचारलंही नव्हतं. सरहद्दीवरच्या एका चौकीत गोळी लागून तो गेला, एवढं त्यांना महंमदभाईंकडून कळलं होतं आणि महंमदभाईंना जोतिबांकडून.

मुलाखतीचं पत्र आलं तसा मॅडमनी सराव वाढवला. टेबलाच्या एका बाजूला त्या बसत, दुसऱ्या बाजूला ती. गाव, शेती, शिक्षण, आवडी यांवर ती आता न अडखळता बोले. कृष्णेच्या पुरात गावातल्या म्हाताऱ्यांना शाळेच्या गच्चीवर कसं नेलं, हे तिनं इतकं छान सांगितलं की मॅडम परीक्षक असल्याचं विसरून ऐकत राहिल्या. नवऱ्याचा विषय आला की मात्र तिची वाक्यं आखडत. 'आफ्टर हिज डेथ.' 'ड्युरिंग ड्युटी.' 'ड्यू टू बुलेट इंज्युरी.' सगळी नामं. एकाही वाक्यात शिवतेज काही करत नव्हता आणि त्याला कुणी काही करत नव्हतं.

मॅडमना ते खुपलं. तीस वर्षं त्यांनी मुलांच्या चुका शोधल्या होत्या. इथं चूक नव्हती, पण काहीतरी टाळलं जात होतं. दुःखामुळं असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दुःख बाजूला सारून बोलायला शिकवणं हेही आपलंच काम, असंही त्यांना वाटलं.

तो शुक्रवार होता. महंमदभाई दुकानाचं शटर ओढून नमाजाला गेले होते. म्हणून जोतिबा वर आले आणि खोलीबाहेरच्या बोळात खुर्चीवर बसले. दार अर्धवट उघडं होतं.

मॅडमनी सराव सुरू केला. नाव, गाव, शिक्षण झालं. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुमचे पती कसे वारले?"

"ड्यू टू बुलेट इंज्युरी, मॅम. ड्युरिंग ड्युटी."

"पूर्ण वाक्य."

"आफ्टर हिज डेथ..."

"नाही." मॅडमनी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि त्या मराठीत बोलू लागल्या. "राजनंदिनी, हे लोक रोज कितीतरी जणांना विचारतात. तू नामाआड उभी राहिलीस की त्यांना लगेच कळतं. नामात माणूस दिसत नाही. वाक्यात कर्ता द्यावा लागतो. गोळी लागली म्हणतेस. ती कुणीतरी झाडली ना? शत्रूनं झाडली असेल तर तसं सांग. मान वर करून सांग. त्यात लाजायचं काय आहे?"

राजनंदिनीनं हात टेबलाखाली घेतले. खालून एक ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीतल्या उसाचे शेंडे खिडकीखालच्या तारांना घासत गेले. 

मग ती ताठ बसली. समोरच्या भिंतीकडं पाहत, प्रत्येक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "आफ्टर माय हजबंड शॉट हिमसेल्फ, आय स्टेड विथ हिज पेरेंट्स."

वाक्य बिनचूक होतं. मॅडमची मान सवयीनं हलली आणि मध्येच थांबली.

त्यांनी पेन्सिल उचलली, तिचं टोक पाहिलं, परत ठेवली. पुढचा प्रश्न विचारायचा होता की उठून तिच्याजवळ जायचं होतं, हे त्यांना ठरवता आलं नाही. राजनंदिनी रडत नव्हती. ती अजून भिंतीकडंच पाहत होती, जणू मुलाखत चालूच होती.

बोळातली खुर्ची सरकली. जोतिबा दारात आले. टोपी त्यांच्या हातात होती.

"पानी मिळंल का, बाई?"

मॅडम लगबगीनं उठल्या. त्यांनी माठातून तांब्या भरून दिला. जोतिबांनी उभ्या उभ्या पाणी पिऊन तांब्या खिडकीत ठेवला आणि सुनेकडं पाहिलं.

"बराबर बोललीस," ते म्हणाले.

"आबा, तुमाला..."

"एवढं इंग्रजी फौजंत कळतंय."

राजनंदिनी उभी राहिली. सासरा उभा असताना बसायचं नाही म्हणून, की दुसऱ्या कशानं, ते मॅडमना समजलं नाही. त्यांनी जोतिबांसाठी स्वतःची खुर्ची पुढं केली. ते बसले. टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"पोराच्या पेटीबरोबर सुभेदार आलता," ते मॅडमना सांगू लागले. "मला बाजूला गोठ्यात घेऊन ग्येला. म्हनला, हवालदारसाब, तुमी फौजी हाय, तुमाला खरं सांगतो. मी म्हनलं, माझ्या मंडळीला सांगू नका. त्यो बरं म्हनला. हिला सायबाचा फोन आलता, ते मला ठावं व्हतं. पर आमी दोघं कवा ह्याच्यावर बोललो न्हाई. ही कालवड बांधायची, मी वैरण टाकायचो. एका गोठ्यात, बाई. पर न्हाई बोललो."

"साहेबांनी विचारलं होतं, घरात काही भांडण होतं का," राजनंदिनी म्हणाली. "नव्हतं, मॅडम. आदल्या दिवशी फोन आला होता. त्यांनी प्रांजलला शाळेतलं गाणं म्हणायला लावलं. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं करत राहिले. मी म्हणाले, पुरे आता, तिला झोपू दे." ती थांबली. "कशानं केलं, ते मला ठाऊक नाही."

"कुनालाच न्हाई," जोतिबा म्हणाले.

मॅडम आता पलंगाच्या कडेवर टेकल्या होत्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी इतकं ताणायला नको होतं. राजनंदिनी, मुलाखतीत हे असंच सांगायला हवं असं काही नाही."

"तिथं त्यांच्याकडं सगळं कागदावर असणार, मॅडम. मी 'ड्युरिंग ड्युटी' म्हटलं की ते माझ्याकडं बघणार. मला ते नको होतं. पण तोंडातून निघत नव्हतं. मराठीत गोळी लागून गेले म्हणता येतं. कुणी विचारत नाही, कुणाची."

जोतिबा टोपीची कडा बोटांनी सारखी करत होते.

"इंग्रजीत झालं ते," ते म्हणाले. "आता हिच्या सासूला सांगायचं हाय. हितनं फुडं कुनी तरी बोलंल, कुठनं तरी तिच्या कानावर जाईल. त्याच्यापरीस आमीच सांगितल्यालं बरं. पर तिला मराठीत कसं सांगायचं? तुमी शिकवता, म्हनून इचारतो, बाई."

मॅडमनी तोंड उघडलं. मराठीतली वाक्यं त्यांच्या मनात एकामागून एक आली. प्रत्येकात शिवतेज कर्ता होता आणि प्रत्येक वाक्य फलक पुसणाऱ्या त्या बाईपुढं नेऊन ठेवायचं होतं.

"मला नाही येत, भाऊ," त्या म्हणाल्या.

जोतिबांनी मान डोलावली. त्यांना दुसऱ्या उत्तराची अपेक्षा नसावी.

"आबा, मी सांगते," राजनंदिनी म्हणाली.

"त्या मग तुला जाऊ देतील?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

तिनं वही पिशवीत घातली आणि सासऱ्यांच्या मागून जिना उतरली. नमाजाहून परतलेले महंमदभाई खाली शटर उघडत होते. जोतिबांना पाहून त्यांनी नेहमीसारखी बसायला गादी सरकवली, पण ते थांबले नाहीत.

पुढचे कित्येक दिवस राजनंदिनी आली नाही. मॅडमनी फोन हातात घेऊन दोन-तीनदा तिचा नंबर काढला आणि लावला नाही. काय विचारायचं? सांगितलंस का, असं? त्यांच्याकडं शिकायला येणारी एक नर्स 'बिकॉज'च्या पुढं नुसतं नाम लावत होती. मॅडमनी ती चूक दुरुस्त केली नाही. नर्सनंच वहीत पाहून विचारलं, "मॅडम, इथं 'ऑफ' हवा ना?" त्या हो म्हणाल्या.

महंमदभाईंनी एका दुपारी जेवताना विषय काढला. "पलूसवाली पोरगी आता येत नाही."

"तिच्या सासूला सांगायचं होतं त्यांना काहीतरी," मॅडम म्हणाल्या. "अवघड होतं."

महंमदभाईंनी ताटातला घास मोडला. गोष्ट त्यांना कळलेली नव्हती, तरी त्यांनी ती विचारली नाही, याचं मॅडमना बरं वाटलं.

मुलाखतीला निघायच्या दिवशी सकाळी राजनंदिनी आली. एकटीच, एसटीनं. केस घट्ट बांधलेले, पायात नवे काळे बूट. जिना चढून ती दारात उभी राहिली आणि मॅडमनी हातानंच तिला आत बोलावलं.

"आबांना ताप आहे," ती म्हणाली. "नाहीतर आले असते. दुपारी कराडहूनच गाडी आहे, म्हटलं तुम्हाला भेटून जावं."

"म्हणजे निघालीस तू."

"हो."

मॅडमनी चहा ठेवला. कप हातात घेऊन राजनंदिनी खिडकीपाशी बसली.

"त्याच दिवशी सांगितलं नाही, मॅडम. नाही जमलं. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज काहीतरी निघायचं. मग रविवारी सासूबाई परड्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. प्रांजल बाहेर खेळत होती. आबा येऊन पायरीवर बसले. मला कळलं, ते का बसलेत. मी सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि सांगितलं."

"कसं सांगितलंस?"

"सरळ. आई, त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. दुसऱ्या कुणी नाही. एवढंच."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"आईंचे हात थांबले नाहीत. त्या फोडत राहिल्या. दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगावं लागतंय की काय, असं झालं. आबा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, आता ओरडतील. मला बोल लावतील. तू त्याला काय बोललीस म्हणतील. तेवढी तयारी करून बसले होते मी."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, त्या दिशी जेवला व्हता का त्यो?"

खाली दुकानात महंमदभाई कुणा गिऱ्हाइकाला कापसाचे प्रकार सांगत होते. त्यांचा एकसुरी आवाज वर येत होता.

"मला ते ठाऊक नव्हतं, मॅडम," राजनंदिनी म्हणाली. "मी कधी विचारलंच नव्हतं. मला एवढं साधं विचारावंसं वाटलं नव्हतं. आबांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नसेल. मी म्हणाले, व्हय आई, जेवले होते. तर त्या म्हणाल्या, काय व्हतं? मी म्हणाले, राजमा आणि भात. आबांनी वर बघितलं माझ्याकडं. मी म्हणाले, पोटभर जेवले, असं सांगत होते सोबतचे."

तिनं थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"मग त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं. म्हणाल्या, पाखडून घे. आणि आत जाऊन पडल्या. दुसऱ्या दिवसापासून चौकात गेल्या नाहीत. काल मात्र माझी पिशवी भरायला बसल्या. धपाटी बांधून दिली. प्रांजलला घेऊन झोपल्या रात्री. जा म्हणाल्या नाहीत. नको, असंही म्हणाल्या नाहीत."

मॅडमनी तिच्या हातातला रिकामा कप घेतला. तो कुठं ठेवावा हे न सुचून त्या तो हातातच धरून उभ्या राहिल्या. सरावासाठी काढून ठेवलेले प्रश्न टेबलावर होते, तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

राजनंदिनी उठली. पिशवी खांद्याला लावली. दारापाशी जाऊन ती वळली.

"मॅडम, राजमा-भात म्हणाले, ते बरोबर केलं का मी?"

"बरोबर," झुबेदा मॅडम म्हणाल्या. "अगदी बरोबर."